तलावाचं गुपित आणि वेळूची काठी

वाशीम जिल्ह्यात समुद्र नाही. ही माहिती मला लहानपणापासून होती. तरीही पीएच.डी.साठी मी जो विषय घेतला, तो पाण्याखालची बिनतारी यंत्रं एकमेकांशी जे बोलतात ते चोरून ऐकणाऱ्यांपासून कसं वाचवावं, हा. मी तो निवडला असं म्हणणं म्हणजे उगाच मोठेपणा घेणं होईल. माझ्या मार्गदर्शकांकडे एका आधीच्या विद्यार्थ्याने अर्धवट टाकलेला हा विषय पडून होता. त्या विद्यार्थ्याला बँकेत नोकरी लागली होती आणि मार्गदर्शकांना कुठलीही गोष्ट वाया गेलेली आवडत नसे.

मी वाशीमच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. पीएच.डी. झाल्याशिवाय नोकरी पक्की होणार नाही, असं आम्हाला दर वर्षी सांगण्यात येतं. सांगणाऱ्याची स्वतःची बहुधा झालेली नसते. माझा विषय कळला तेव्हा स्टाफरूममध्ये आनंदाला पारावार राहिला नाही. जिथे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तिथे हा गृहस्थ पाण्याखालच्या हेरगिरीवर संशोधन करणार. एकाने मला ‘ॲडमिरल’ म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्याने, पाणबुडी वाशीम स्टेशनवर कितव्या फलाटाला लागते, असं विचारलं. चार वर्षं हाच विनोद चालला, कारण नवा सुचण्याइतकी फुरसत कुणालाच नव्हती.

कामरगावला घरी गेलो तेव्हा आईला समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, तळ्यात यंत्र ठेवतो, ते बोलतं, आणि ते काय बोलतं हे कुणाला कळू नये याचा अभ्यास करून राह्यलो. आई ज्वारी पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही.

“कोनाले कळू नये तं ते बोलते कायले?” ती म्हणाली.

मी शिकलेला मुलगा हसतो तसा हसलो. चार वर्षांत माझ्या प्रबंधावर एवढा नेमका आक्षेप दुसऱ्या कुणी घेतला नाही. पण आईची परीक्षक म्हणून नेमणूक झालेली नव्हती.

विषय तसा अवघड नाही. हवेत मोबाइल चालतो त्या लहरी पाण्यात शिरल्या की थोडक्यात विरून जातात. म्हणून पाण्याखालची यंत्रं आवाजाने बोलतात. एक बारीक शिट्ट्या मारतं, दुसरं ऐकतं, आणि त्या शिट्ट्यांत आकडे भरलेले असतात. पण आवाज एकदा निघाला की चहूकडे जातो, ज्याच्यासाठी आहे त्याच्याकडेही आणि ज्याच्यासाठी नाही त्याच्याकडेही. तेव्हा निरोप असा कुलूपबंद करून पाठवायचा की दुसऱ्याने ऐकला तरी त्याला ओ की ठो कळू नये. परदेशी लेखांतला हा ‘दुसरा’ मोठा माणूस असतो. त्याच्याकडे पाणबुड्या असतात, महागडी यंत्रं असतात, मागे अख्खं शत्रुराष्ट्र उभं असतं. मी माझ्या प्रस्तावनेत लिहिलं की हे संशोधन राष्ट्राच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचं आहे. मार्गदर्शकांनी ‘अत्यंत’च्या आधी ‘सामरिक आणि’ घातलं.

समुद्र नसल्यामुळे आम्ही एक तलाव घेतला. वाशीमहून रिठदकडे जाताना आत एक कच्चा रस्ता वळतो, तो थेट तलावाच्या भिंतीपाशी जातो. पावसाळ्यात बऱ्यापैकी भरणारा आणि उन्हाळ्यात भिंतीपाशी एका डोहापुरता उरणारा असा हा तलाव. डोहात मी तीन यंत्रं सोडली. पाण्याची पातळी, पाण्यातली हवा आणि उष्णता, एवढं ती मोजायची. भिंतीवर एक पेटी, तिला सौर पाटी आणि आत सिमकार्ड. यंत्रांनी पेटीला सांगायचं, पेटीने माझ्या प्रयोगशाळेतल्या संगणकाला. कुलपाची किल्ली फक्त त्या एका संगणकात. माझ्या मोबाइलमध्येसुद्धा नाही, कारण मोबाइल हरवू शकतो, आणि हरवला तर वाशीम तालुक्यातल्या एका तलावात पाणी किती आहे हे शत्रुराष्ट्राला समजलं असतं.

बॅटरी वाचावी म्हणून मी एक युक्ती केली होती आणि तिचा मला फार अभिमान होता. पाणी स्थिर असेल तर यंत्रांनी तासाला एकच निरोप द्यायचा. पातळी बोटभर जरी उतरली, तरी मिनिटामिनिटाला बोलायचं.

त्या तलावात मासे धरणारा एक भोई म्हातारा होता. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून तो पाण्यावर फिरायचा, आणि त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी माझ्या यंत्रांच्या काळजीने त्याच्यावर ओरडलो. ओरडणं वाया गेलं, कारण त्याला ऐकू येत नव्हतं. उजवा कान पूर्ण गेलेला आणि डावा नावापुरता. त्याच्याशी बोलायचं तर तोंड त्याच्या डाव्या कानाशी नेऊन भांडल्यासारखं बोलावं लागे. मोबाइल त्याने सुनेला देऊन टाकला होता. पाण्याखालच्या संदेशवहनाला या माणसापासून धोका आहे, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

आमची ओळख वाढली ती चहामुळे. मी पेटी तपासत भिंतीवर बसायचो, तो जाळं सोडवत. त्यानेच मला तलावाचं खरं राजकारण सांगितलं. उन्हाळ्यात डोहात उरलेलं पाणी पिण्यासाठी राखीव. शेतीला उपसायला बंदी. पण काठावर एका संत्राबागेच्या मालकाची विहीर होती, आणि तलावातून त्या विहिरीपर्यंत जमिनीखालून एक चर काढलेला होता. दुपारी थ्री फेज आली की विहिरीतली मोटर सुरू व्हायची, आणि तलावाचं पाणी गुपचूप विहिरीत जाऊन तिथून बागेत पोचायचं. बाहेरून पाहणाऱ्याला माणूस स्वतःच्या विहिरीचं पाणी स्वतःच्या झाडांना देताना दिसणार. कायद्याच्या कुठल्या कलमात बसवणार त्याला?

“पानी सरकारचं, वावर त्याईचं,” म्हातारा म्हणाला. “पन मासे माये हाय.”

डोहात त्याचे कटले होते. दोन पावसाळ्यांपूर्वी बोटभर पिल्लं सोडली होती, ती आता हातभर झाली होती. आधी काढली असती तर चार पैसे आले असते. पण त्याला ती आखाडात काढायची होती, तेव्हा घरोघरी मासळी लागते. तोवर डोह टिकायला हवा होता. पाणी एका खुणेखाली गेलं, उन्हाने तापलं, की त्यातली हवा संपते आणि कटला उलटा होऊन वर येतो. मरळ चिखलातही जगते, असं तो म्हणाला. कटल्याला ते जमत नाही.

म्हणून पूर्वी तो पाण्याच्या कडेला खुंट्या ठोकून दिवसातून चारदा पाहायला यायचा. पाणी उतरलेलं दिसलं की तलावाला वळसा घालून विहिरीपाशी जायचा आणि काही न बोलता लिंबाखाली बसून राहायचा. भांडण नाही, तक्रार नाही. नुसता बसायचा. बागेचा मालक गावातला प्रतिष्ठित माणूस. राखीव पाण्याचा विषय निघावा असं त्यालाही वाटत नसे. अर्ध्या तासात तो मोटर बंद करायचा आणि वर म्हाताऱ्याला चहा पाजायचा. मला ही पद्धत फार आवडली. आमच्या महाविद्यालयातल्या तक्रार निवारण समितीने एवढ्या वेळात कधी काही निवारल्याचं ऐकिवात नाही.

मार्चमधल्या एका सकाळी मी भिंतीवर पेटी उघडून बसलो होतो. म्हातारा आला आणि शेजारी टेकला.

“सर, काल दुपारी तुमचं यंत्र लय बोंबलत व्हतं,” तो म्हणाला.

 मी पेटीतली निरोपांच्या वेळांची नोंद काढली. काल दुपारी दोनच्या सुमारापासून तासभर मिनिटामिनिटाला निरोप. म्हणजे पातळी उतरली होती. नंतर थांबली होती.

“तुमाले कसं समजलं?” मी ओरडलो.

त्याने वेळूची काठी दाखवली. उंच, आतल्या गाठी फोडून पोकळ केलेली. तिचं एक टोक पाण्यात बुडवायचं आणि दुसरं कानामागच्या हाडाला दाबून धरायचं. त्याचा बापही असाच चिखलातली मरळ हुडकायचा. कान गेले तरी हाडाला काही झालं नव्हतं. माझी यंत्रं पाण्यात पडल्या दिवसापासून त्याला ऐकू येत होती. काय बोलतात ते त्याला कळत नव्हतं, आणि त्याची त्याला गरजही नव्हती.

“रोज कशी, घटकाभरानं एकडाव चिमनीवानी बोलते अन गप. पन तिकडे मोटर लागली का मंग दमच नाई काढत. म्या म्हनलं, चाला, बसा लागते लिंबाखाली.”

गेल्या महिन्याभरात त्याने अशी चार वेळा मोटर बंद करवली होती. खुंट्या ठोकणं त्याने सोडून दिलं होतं, कारण त्यांच्यासाठी उन्हात हेलपाटे पडायचे. आता सावलीत बसून हाडाला काठी लावली की काम व्हायचं.

मी अडीच वर्षं खपून निरोपाला कुलूप लावलं होतं. ते कुलूप फोडायला जगातल्या मोठ्या संगणकांना किती काळ लागेल याचा हिशेब प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. म्हाताऱ्याने कुलपाला हात लावला नव्हता. दार किती वेळा वाजतं एवढंच त्याने मोजलं, आणि घरात काय चाललंय ते ओळखलं. ते दार जास्त वेळा वाजायची व्यवस्था मीच करून ठेवली होती, बॅटरी वाचावी म्हणून. मी त्याची परीक्षा घेतली. पुढच्या आठ दिवसांत तीनदा त्याला विचारलं आणि तीनदा आकड्यांशी ताडून पाहिलं. तिन्ही वेळा बरोबर. माझ्या अंगाला घाम फुटला, आणि तो मार्चचा नव्हता.

मी घाबरत मार्गदर्शकांना सांगितलं. त्यांना झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. परीक्षकाने काढण्याआधी दोष आपल्याला सापडला, आणि वर पाचव्या प्रकरणाला मजकूर मिळाला. त्यांनी मला दोष दूर करायला सांगितलं. म्हाताऱ्याबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला, की प्रबंधात त्याला काय म्हणायचं. बराच विचार करून आम्ही ‘अल्प साधनसामग्री असलेला अप्रशिक्षित शत्रू’ असं लिहिलं. तो मला चहात आलं घालून द्यायचा.

उपाय सोपा होता. यंत्रांनी आता सतत बोलायचं. पाणी उतरो न उतरो, मिनिटाला एक निरोप. त्यातले बहुतेक खोटे, आत काहीच नसलेले, पण बाहेरून खऱ्यासारखेच वाजणारे. खरा कुठला आणि खोटा कुठला हे फक्त किल्लीवाल्या संगणकाला कळणार. बॅटऱ्या आता आठवड्याला बदलाव्या लागणार होत्या, पण खोटं बोलायला जास्त शक्ती लागते हे आपल्याला सार्वजनिक जीवनात रोज दिसतंच. एप्रिलच्या सुरुवातीला मी नवी व्यवस्था तलावात सोडली. म्हाताऱ्याला सांगितलं नाही. ज्याच्यापासून गुपित राखायचं त्यालाच कळवायचं, असं कुठल्याच लेखात लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो दमलेला दिसला. चार दिवसांत तो सहा वेळा तलावाला वळसा घालून आला होता. दर वेळी यंत्रं बोंबलत होती आणि दर वेळी विहिरीवरची मोटर बंद होती. बागेच्या मालकाने शेवटी, डोकं ठिकाणावर आहे ना, असं विचारलं होतं.

“बिघडलं का काय ते?” त्याने मला विचारलं.

“बिघडलं नाई बाबा. सुधारलं,” मी ओरडलो, आणि अभिमानाने सगळं समजावून सांगितलं. आता बाहेरच्या कुणालाच काही कळणार नाही, असं म्हणालो.



“म्हंजे मलेबी नाई कळनार?”

“नाई.”

“तुमाले?”

“मले कळन. माह्या कॉम्प्युटरवर सारं येते.”

“मंग तुमी सांगसान मले?”

“सांगीन ना. सुनेच्या फोनवर सांगीन,” मी म्हणालो. “रोज पाहतो मी.”

त्याने काठी उचलून बाजूला ठेवली. मी त्याला पुन्हा खुंट्या ठोकायला सांगितलं असतं तर त्याने ठोकल्या असत्या. तो म्हणाला, “तुमी हाय तं मी कायले उनात फिरू.” मी त्यावर मान डोलावली. ते वाक्य ऐकताना मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. इतक्या वर्षांत माझ्या संशोधनाच्या भरवशावर पहिल्यांदाच कुणी काही सोडून दिलं होतं.

पाच-सहा आठवडे मी शब्द पाळला. रोज सकाळी प्रयोगशाळा उघडून पडदा पाहायचो. दोनदा सुनेला फोन केला, दोनदा म्हातारा लिंबाखाली जाऊन बसला, दोनदा मोटर बंद झाली. मग मे महिन्यात माझ्या मौखिक परीक्षेची तारीख आली. महाविद्यालयाला सुट्ट्या लागल्या होत्या. मार्गदर्शकांनी तालमीसाठी मला आधीच विद्यापीठाच्या शहरात बोलावून घेतलं. मी प्रयोगशाळेला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि बसमध्ये बसलो. बस मालेगावच्या पुढे गेल्यावर मला तलावाची आठवण झाली. म्हटलं, पोचल्यावर सुनेला फोन करून सांगू, की चार दिवस मी नाही, खुंट्या ठोका. पोचल्यावर मार्गदर्शकांनी स्लाइडवरच्या अक्षरांचा आकार बदलायला सांगितला, आणि तो बदलता बदलता ते राहून गेलं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

परीक्षा उत्तम झाली. बाहेरून आलेले परीक्षक विद्वान होते. थंड हवेच्या खोलीत त्यांनी पाचवं प्रकरण उघडलं आणि वेळूच्या काठीची आकृती पाहून चष्मा वर केला. आकृती मी स्वतः काढली होती, माप देऊन.

“हा जो शत्रू आहे,” त्यांनी विचारलं, “त्याचा ऐकण्यामागचा हेतू काय?”

“हेतू विचारात घेतलेला नाही सर,” मी म्हणालो. “आपण त्याची फक्त क्षमता गृहीत धरतो.”

उत्तर त्यांना आवडलं. शास्त्राला धरून होतं. नव्या व्यवस्थेत त्या शत्रूला कितपत माहिती मिळते असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी शून्य असं सांगितलं, आणि आलेख दाखवला. टाळ्या झाल्या. मार्गदर्शकांनी पेढे आणवले, एक खोका मला वाशीमला न्यायला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं. आकडे साठवून ठेवायचे म्हणून संगणकाचा पडदा लावला, आणि उभाच राहिलो. चार दिवसांपूर्वीच्या दुपारपासून ओळीच्या ओळी भरल्या होत्या. पातळी उतरते आहे. पातळी उतरते आहे. पाण्यातली हवा कमी. पाण्यातली हवा फार कमी. प्रत्येक ओळीपुढे मीच बसवलेली हिरवी खूण होती: निरोप सुरक्षित पोचला, वाटेत कुणी ऐकला नाही. शेवटच्या दिवशीच्या ओळींत पातळी पुन्हा स्थिर झालेली होती. खाली उतरायला तिथे काही उरलं नव्हतं.

मोटरसायकलवर बसलो तेव्हा पेढ्यांचा खोका डिक्कीतच होता, हे मला नंतर कळलं.

तलावाच्या अलीकडूनच वास येत होता. भिंतीखाली सात-आठ माणसं होती. म्हातारा, त्याची सून, मच्छीमार संस्थेतले आणखी काही भोई. एक खड्डा खणलेला होता आणि हातभर लांबीचे कटले पाटीत भरून त्यात टाकणं चाललं होतं. पांढरी पोटं वर करून अजून कितीतरी पाण्यात होते. डोह म्हणण्यासारखं काही राहिलं नव्हतं. माझं एक यंत्र उघडं पडून चिखलात कलंडलं होतं, बाकीची दोन उरलेल्या पाण्यात नियमाप्रमाणे मिनिटाला एक निरोप देत असणार.

म्हाताऱ्याने मला पाहिलं आणि पाटी खाली ठेवली.

“आले का सर. झाली का तुमची परीक्षा?”

मी मान हलवली.

“पास?”

मी पुन्हा मान हलवली. तो खरंच बरं वाटल्यासारखा हसला. मला त्याने शिवी दिली असती तर फार उपकार झाले असते.

“मी सुनेले म्हनलं, सरचा फोन नाई आला म्हंजे पानी बरोबर हाय,” तो म्हणाला. “काल वास आला तवा समजलं. यंत्रानं सांगतलं नाई वाटते यावक्ती.”

हो म्हणता आलं असतं. यंत्र बिघडलं, उन्हाने तापलं, सिमकार्डाला रेंज नव्हती. त्याला काय कळणार होतं. मी त्याच्या डाव्या कानाशी गेलो.

“सांगतलं,” मी म्हणालो.

“काय?”

“सांगतलं त्यानं,” मी ओरडलो. “चारी दिवस सांगत व्हतं.”

एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात काही कबूल केलं नव्हतं. खड्ड्यापाशी पाट्या थांबल्या. सगळ्यांनी ऐकलं, सुनेनेही ऐकलं. रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात, समजून घ्यायचं म्हणून म्हाताऱ्याने विचारलं, “कोनाले?”

 मी पाटी उचलली आणि दुपारपर्यंत त्यांच्याबरोबर मासे टाकत राहिलो. हाताचा वास दोन दिवस गेला नाही. लाज त्याहून जास्त टिकली, अजून आहे.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी मी तलावातली व्यवस्था बदलली. खोटे निरोप काढून टाकले. पाणी स्थिर असेल तर यंत्रं गप्प असतात, उतरलं की ओरडतात, कुलूप नाही, किल्ली नाही. ज्याला कान किंवा हाड आहे त्याने ऐकावं. सुनेच्या फोनवरही आपोआप निरोप जातो. मार्गदर्शकांना हे सांगितलं नाही, त्यांना धक्का बसला असता. मग मोठ्या उत्साहाने म्हाताऱ्याला सांगायला गेलो. तो पाण्याच्या कडेला खुंट्या ठोकत होता. त्याने माझं सगळं ओरडणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बरं केलं,” तो म्हणाला, आणि पुढची खुंटी घेतली.

त्या वर्षी त्याने कटला सोडलाच नाही, फक्त मरळ सोडली होती. मी काठीबद्दल विचारलं तर घरी आहे म्हणाला. जाताना त्याच्या अंगणावरून गेलो तेव्हा दिसली. तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला होता आणि वेलाला फुलं आली होती.

माझा प्रबंध आता महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे, काळ्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत. त्याच्या शेवटच्या पानावर निष्कर्ष दिला आहे, की सुचवलेली पद्धत वापरल्यास तलावातलं संदेशवहन चोरून ऐकणारा कुणी उरत नाही. तेवढं खरं निघालं.